न हसवता सांगायची गोष्ट

उल्हास खांबेटे यांच्या घरात शर्यत लागली की टीव्ही मुका असतो. आवाज त्यांचा असतो.

सिंगापुरात आंग मो किओला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली आहे. राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी मला वाटलं, हॉलमध्ये भांडण चाललंय. बाहेर येऊन पाहिलं तर काका एकटेच. अंगात बनियन, हातात रिमोट, तोही माईकसारखा तोंडाशी धरलेला. पडद्यावर उघड्या चाकांच्या बसक्या गाड्या धावत होत्या आणि काका त्यांच्याबद्दल मराठीत बोलत होते.

"आजीबाई रस्त्यावर आल्या. आता सगळे शहाण्या मुलांसारखे मागे मागे."

आजीबाई म्हणजे सेफ्टी कार. अपघात झाला की ती पुढे येते, सावकाश चालते, आणि तिला कोणी ओलांडायचं नसतं. मऊ टायर लोण्याचे, कडक टायर दगडी. गाडीचे तुकडे रस्त्याभर उडाले की चिवडा. हे सगळे शब्द काकांनी स्वतः पाडलेले.

साठीला आलेले काका एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघतात. सुरेखाकाकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. डिसेंबरात काकाही कायमचे परतणार आहेत. मी साहित्यात एम.ए. केलंय हे कळल्यापासून ते मला 'साहित्यिक' म्हणतात. त्यात कौतुक नसतं.

कोणासाठी बोलता, असं मी एकदा विचारलं.

"भिंतीसाठी," ते म्हणाले. "भिंत रुसत नाही."

रुसलेलं माणूस कोण, ते मला हळूहळू कळलं.

पूर्वी हे सगळं बिशानला चालायचं. हेमचंद्र जोगळेकर हे बँकेतले मोठे अधिकारी. त्यांच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये मोठा पडदा लागायचा. चाळीसेक मराठी माणसं जमायची. टीव्हीचा आवाज बंद करून काकांच्या हातात माईक दिला जायचा. ज्यांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं तेही यायचे, निव्वळ काकांना ऐकायला. हेमचंद्रकाका सांगतात, इंग्रजीत बघितली की शर्यत, उल्हासकडून ऐकली की लग्नघर.

मग ती शर्यत झाली. इथलीच, सिंगापूरची, पावसातली. त्या वेळी काका आणि हेमचंद्रकाका ती प्रत्यक्ष बघायला स्टँडमध्ये गेले होते.

त्या शर्यतीच्या आठवणी मी इतक्या जणांकडून ऐकल्या आहेत की मीही तिथे होतो असं कधीकधी वाटतं. हेमचंद्रकाकांना आवाज आठवतो. गाड्या सुटल्या आणि पहिल्या वळणाआधीच पुढच्या तिघी एकमेकींत घुसल्या. ते म्हणतात, पत्र्याचा आवाज येईल असं वाटलं होतं, पण पापड मोडावा तसा आला. अंकुर बिवलकर त्या वळणावर मार्शल होते. मार्शल म्हणजे झेंडे दाखवणारे, रस्त्यावरचे तुकडे उचलणारे स्वयंसेवक. त्यांना आठवतो तो गाडीचा एक तुटलेला पंख, हातात घेतल्यावर कागदासारखा हलका. त्यानंतर गाड्या फिरत राहिल्या, भिंतीवर जात राहिल्या. पुन्हा पुन्हा आजीबाई. सगळे म्हणतात, अशी शर्यत पुन्हा झाली नाही.

अंकुर यांच्या बायकोने, निशिगंधाताईंनी, ती शर्यत पूर्ण पाहिली नाही. त्यांनी फक्त सुरुवात पाहिली.

त्या बेडोकला घरी होत्या, मुलगी इराला घेऊन. इरा तेव्हा पहिलीत. टीव्हीवर गाड्या त्या वळणाकडे घसरत गेल्या आणि कॅमेरा दुसरीकडे वळला. अंकुर तिथेच उभे असणार हे निशिगंधाताईंना माहीत होतं. मार्शलांचे फोन ड्युटीच्या आधी काढून घेतात हेही माहीत होतं. म्हणून त्यांनी उल्हासकाकांना फोन लावला. काका समोरच्या स्टँडमध्ये बसले होते.

"काका, अंकुर दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

काकांना तेवढ्या गोंगाटात प्रश्न ऐकूच आला नाही. कोणीतरी शर्यतीचं विचारतंय असं त्यांनी धरलं. पहिल्या नंबरवर सुटलेला ड्रायव्हर समोर भिंतीला टेकला होता. काका ओरडले, "गेला, गेला! सरळ भिंतीत गेला!"

आणि फोन बंद पडला. सकाळपासून व्हिडिओ काढून त्याची बॅटरी संपत आली होती.

आपल्याकडे क्रिकेट बघताना विकेट पडली की 'गेला' म्हणतात. माणूस वारला तरी 'गेला'च म्हणतात. काका पहिला 'गेला' बोलले. निशिगंधाताईंनी दुसरा ऐकला.

शर्यत पुढे जवळजवळ दोन तास चालली. अंकुर तेवढा वेळ चिंब भिजून झेंडे दाखवत होते. संपल्यावर फोन हातात आला तेव्हा त्यांनी घरी फोन केला आणि म्हणाले, जेवण ठेवू नकोस, आम्हाला इथेच दिलंय.

भांडण इथे झालं नाही. चूक होती, ती मिटली असती. भांडण पुढच्या महिन्यात झालं. बिशानला कोजागिरी होती. मसाला दूध फिरत होतं आणि काकांनी माईक घेऊन ती गोष्ट सांगितली. निशिगंधाचा फोन, आपलं ओरडणं, बॅटरी. माणसं हसून वाकली. मग काका थोडं थांबले, आणि म्हणाले, "मी जगात पहिली बाई बघितली, जिने दूध प्यायला आलेल्या नवऱ्याचं सुतक पाळलं."

निशिगंधाताई तिथेच उभ्या होत्या. हातात दुधाचा पेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि इराला घेऊन निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हेमचंद्रकाकांना मेसेज आला. यापुढे हा माणूस असेल तिथे आम्ही नाही.

हेमचंद्रकाकांनी बिवलकरांना निवडलं. अंकुर मार्शल, पास मिळवून द्यायचे, असं काका म्हणतात. तेव्हापासून काका भिंतीशी बोलतात.

या वर्षी शर्यत कोजागिरीच्या आदल्या दिवशी आली. दोन्ही एकत्र करायचं ठरलं. हेमचंद्रकाकांनी मला गाठलं. उल्हास डिसेंबरात चाललाय, शेवटचं एकदा त्याला माईक मिळायला हवा, पण निशिगंधा हो म्हणाली तरच. तू नवीन आहेस, तुझ्यावर कोणाचा राग नाही, तू जा.

मी काकांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मला काय गरज पडलीय?" ब्लेड थांबलं. मग म्हणाले, "कधी जाणार आहेस?"

बेडोकला निशिगंधाताईंनी दाराची जाळी उघडली, पण बाजूला झाल्या नाहीत. मी दारातच कारण सांगितलं.

"त्यांनी पाठवलं?"

"हेमचंद्रकाकांनी."

"तेच ते." मग आत घेतलं. पाणी दिलं. इरा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. आता ती सेकंडरी स्कूलमध्ये आहे. निशिगंधाताईंनी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही साहित्य शिकलात म्हणे," त्या म्हणाल्या. "मग सांगा. गोष्ट ज्याच्यावर बेतली त्याची असते, की ज्याला सांगता येते त्याची?"

त्या उत्तराची वाट बघत नव्हत्या.

त्यांनी त्या दोन तासांबद्दल सांगितलं. इस्पितळांना फोन केले. पोलिसांना केला. कोणाकडेच ते नाव नव्हतं, आणि त्याचा अर्थ त्यांनी उलटाच लावला. काकांना तर कितीदा लावला. मग इराला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, बाबा गेले.

"ती रडली नाही," निशिगंधाताई म्हणाल्या. "एवढुशी पोर. माझ्याकडे बघितलं, एक शब्द विचारला आणि गप्प झाली. बाप घरी आला तरी गप्प. शाळेत काउन्सेलरकडे नेली, वर्षभर. अजून ती अशीच आहे. घुमी. हे त्या हसणाऱ्यांतल्या कोणाला माहीत नाही."

कोणता शब्द विचारला, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्यांनी अट घातली. शांतपणे, आधीच ठरवून ठेवल्यासारखी. तेव्हा कोजागिरीला ती गोष्ट सांगितली, तशी या कोजागिरीला ती पुन्हा सांगायची. सगळ्यांसमोर, माईकवर. माझ्या घरातला भागसुद्धा. माफी नको.

"फक्त कोणी हसता कामा नये," त्या म्हणाल्या. "एक माणूस जरी हसला, तरी माईक खाली ठेवायचा आणि चालू लागायचं."

काकांनी ऐकलं आणि भडकले. ही कोण माझी परीक्षा घेणारी? मी मराठीच बोललो होतो ना? अख्खा महाराष्ट्र 'गेला' म्हणतो. तिने ऐकताना चूक केली आणि शिक्षा मला. ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. तिची मुलगी गप्प आहे म्हणे. इथली सगळीच मुलं गप्प असतात, फोनमध्ये तोंड घालून. बराच वेळ असं चाललं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चल, साहित्यिक. ऐक."

त्यांनी गोष्ट सांगितली. मी हसलो. मला हसायचं नव्हतं.

दुसऱ्यांदा त्यांनी सुतकाचं वाक्य गाळलं. तरीही हसू आलं. तिसऱ्यांदा त्यांनी चेहरा पाडून सांगितली, तर जास्तच आलं. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेताना, लिफ्टमध्ये, फेअरप्राइस सुपरमार्केटच्या रांगेत ते सांगत राहिले. गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली की विनोद होऊनच निघायची. उलट माझ्यावरच चिडायचे. तुला हसायची खोड आहे, म्हणायचे. वाचून वाचून तुझं डोकं पोकळ झालंय.

शेवटी मी त्यांना सांगितलं की 'आणि' म्हटलं की ते थांबतात. त्या थांबण्यात लोक हसायला तयार होतात. पुढे काहीही आलं तरी हसतात.

"मला बोलायला शिकवतोस?"

"थांबू नका एवढंच म्हणतोय."

त्यांनी न थांबता सांगून पाहिली. नीरस झाली. मी हसलो नाही. ते खूश झाले नाहीत, पण तशीच पुन्हा सांगू लागले. स्टँड, पाऊस, फोन, ओरडणं. मग बेडोकचं घर. तो भाग ते पहिल्यांदाच सांगत होते. निशिगंधाने इस्पितळांना फोन केले. पोलिसांना केला. मला पुन्हा पुन्हा केला.

तिथे ते अडकले.

"मी तेव्हा काय करत होतो माहितेय?" ते म्हणाले. "शेजाऱ्याच्या डब्यातला चिवडा खात होतो. खरा."

मी हसलो नाही. ते उठून कप विसळायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही बिशानला गेलो. काकांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. फंक्शन रूममध्ये कागदी कपांतून दूध फिरत होतं. पडदा लावलेला, आवाज बंद. गाड्या अजून सुटायच्या होत्या. काही जुनी माणसं काकांना येऊन भेटली. काहींनी लांबूनच मान हलवली. निशिगंधाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी अंकुर. इरा मागे भिंतीशी जमिनीवर बसली होती. तिथे चार्जर लावायची जागा होती.

हेमचंद्रकाकांनी माईक दिला. काहीतरी प्रास्ताविक करणार होते. काकांनी हातानेच नको म्हटलं.

ते बोलायला लागले. कुठेही थांबले नाहीत. मी मागे उभा राहून लोकांचे चेहरे बघत होतो. सुरुवातीला बरेच जण हसायच्या तयारीत होते. ओठ तसे झाले होते. ओरडण्याचा भाग आला. कोणी हसलं नाही. बॅटरीचा आला, तेव्हा एकाने खाकरून घेतलं. मग काका बेडोकच्या घरात शिरले आणि खोली बदलली. दुधाचे कप खाली आले. एका बाईंनी पदर तोंडाशी धरला. निशिगंधाताई समोर बघत होत्या. त्यांच्या मांडीवरची मूठ हळूहळू सुटत होती, हे मला बाजूने दिसत होतं.

काका म्हणाले, "तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, बाबा गेले. पोर रडली नाही. काही बोलली नाही. त्या वेळी मी कोणाच्या तरी डब्यातला चिवडा खात होतो."

आणि मागून इराचा आवाज आला. तिने फोनमधून मानही वर केली नव्हती.

"आय थॉट ही वेंट टॉयलेट, ला."

तिला वाटलं होतं, बाबा बाथरूमला गेलेत.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं. अख्खी खोली फुटली. इतकं हसू मी त्या लोकांत कधी ऐकलं नव्हतं. पदर तोंडाशी धरलेल्या बाईही हसल्या. अंकुरही हसले. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि थांबले.

काका हसले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

निशिगंधाताई उठून वळल्या. "काय म्हणालीस?"

इरा आता घाबरली. इंग्रजी आणि मराठी मिसळून तिने सांगितलं. तू म्हणालीस बाबा गेले. मी विचारलं, कुठे? तू उत्तर दिलं नाहीस. तू रडायला लागलीस. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं विचारलं, म्हणून मी गप्प बसले.

"आणि काउन्सेलर?" निशिगंधाताईंनी विचारलं.

"स्पेलिंगसाठी ना?" इरा म्हणाली.

पुन्हा कोणीतरी हसलं. या वेळी एकटंच, आणि लगेच बंद झालं.

निशिगंधाताई काकांकडे वळल्या. "तुम्ही हिला पढवलंत."

"तिच्याशी बोलायला मी भेटलोय कुठे?" काका म्हणाले. "बोललो असतो तर हे तेव्हाच कळलं असतं."

"म्हणजे आता चूक माझी."

"मी तसं म्हणालो नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही. लोकच हसतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आज तुम्हाला नाही हसले. मला हसले. दुसऱ्यांदा."

काकांनी माईक टेबलावर ठेवला. अट मोडली होती. ते दाराकडे निघाले. हेमचंद्रकाका मध्ये आले, अरे गाड्या सुटतायत, असं काहीतरी पुटपुटले.

"उचला तो," निशिगंधाताई म्हणाल्या.

काका थांबले.

"एवढ्यासाठीच आलात ना? मग बोला. मला ऐकायचंय, तुम्ही काय बोलता ते."

त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. पडद्याकडे पाठ, काकांकडे तोंड. हाताची घडी घालून बसल्या. अंकुर म्हणाले, निशी, जाऊ दे. त्यांनी ऐकलं नाही.

काकांनी माईक उचलला.

गाड्या सुटल्या. काका बोलू लागले. तोच आवाज होता, आंग मो किओच्या हॉलमध्ये मी ऐकत आलो तोच. लोण्याचे टायर आले, दगडी टायर आले. कोणी हसलं नाही. काका पडद्याकडे बघायचे आणि मध्येच त्यांची नजर खाली यायची, त्या खुर्चीवर. मग वाक्य अर्धं राहायचं. ते शब्द निवडू लागले. प्रत्येक शब्द तोंडातून सोडण्याआधी तपासू लागले. गाड्या वेगात आणि काका मागे. एका गाडीने दुसरीला मागे टाकलं ते त्यांनी पुढच्या वळणावर सांगितलं. लोक चुळबुळू लागले. मुलं बाहेर गेली. एक-दोघांनी फोनवर इंग्रजी कॉमेंट्री लावली, आवाज हळू ठेवून.

निशिगंधाताईंनी त्यांच्यावरून नजर काढली नाही. त्या हसतही नव्हत्या, रडतही नव्हत्या. फक्त ऐकत होत्या. मी कोणालाही असं ऐकताना पाहिलेलं नाही.

निम्मी शर्यत व्हायच्या आत काका गप्प झाले. माईक हातातच होता. पडद्यावर गाड्या आवाजाविना फिरत होत्या. मग हेमचंद्रकाका उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज चालू केला.

काकांनी माईक त्यांच्या हातात दिला. चपला घातल्या. मी मागोमाग निघालो.

लिफ्टपाशी इरा धावत आली. हातात चार्जरची वायर लोंबत होती. सॉरी अंकल, म्हणाली. मला माहीत नव्हतं, सगळे हसतील.

"तू खरं तेच बोललीस," काका म्हणाले.

"ममा अजून अँग्री आहे."

लिफ्ट आली. काका आत शिरले. दार बंद होताना त्यांनी हाताने अडवलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "मी पण अँग्री आहे."